लॅपटॉप उचलला, पंखा लावला; आता पुढे?

उंची आणि कोन बदलता येणारे, खाली पंखे असलेले लॅपटॉप-स्टँड आता बऱ्याच घरांत आलेत, आणि त्यांच्या तक्रारीही. आलेल्या प्रश्नांपैकी निवडक इथे घेतलेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण निम्मा गुंता तिथेच आहे. हा स्टँड दोन निराळी कामं अंगावर घेतो: लॅपटॉपला वारा घालणं आणि पडदा डोळ्यांपर्यंत उचलणं. दोन्ही कामं सारखीच चोख करणारा स्टँड क्वचितच मिळतो. त्यामुळे आपलं दुखणं गरमीचं आहे की मानेचं, ते ठरल्याशिवाय पाकीट उघडू नका.

प्रश्न : उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो. १५.६ इंची लॅपटॉपसाठी दोन पंख्यांचा स्टँड घेतला. पंखे व्यवस्थित फिरतात, तरी लॅपटॉप तसाच तापतो आणि दुपारी संथ होतो. स्टँड खराब आहे का? (नागपूर)

स्टँड बहुधा ठीक आहे, वारा चुकीच्या जागी लागतोय. लॅपटॉप उलटा करून पाहा. हवा आत घेणारी जाळी बहुतेक लॅपटॉपमध्ये तळाच्या मागच्या भागात, बिजागरीच्या बाजूला असते. स्टँडचे पंखे मात्र बऱ्याचदा मधोमध बसवलेले असतात. म्हणजे वारा सपाट प्लास्टिकवर आपटून बाजूला पसरतो, आत जातच नाही.

जुळणी तपासायला वर्तमानपत्राचं एक पान पुरतं. लॅपटॉप बंद करून उलटा ठेवा, तळावर पान पसरा, कडा आणि जाळीची जागा पेन्सिलीने गिरवा आणि जाळीचा भाग कापून टाका. आता पान पालथं करून (हे विसरू नका, नाहीतर डावं-उजवं बदलेल) स्टँडवर लॅपटॉपच्या जागी ठेवा. कापलेल्या खिडकीतून पंख्याची पाती दिसली पाहिजेत. न दिसल्यास लॅपटॉप दोन-तीन सेंटिमीटर वर-खाली सरकवून बघा. खालचा अडथळा, म्हणजे लॅपटॉप घसरू नये म्हणून असलेली पट्टी, आड येत असेल तर तो स्टँड तुमच्या लॅपटॉपसाठी नाही, एवढाच त्याचा अर्थ. बदलून घेताना १२० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा एकच पंखा असलेला बघा. मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढाच वारा देतो आणि आवाजही कमी करतो. सहा छोटे पंखे आणि निळे दिवे हा मुख्यतः दिव्यांचा खर्च असतो.

जाळी हवा आत घेते की बाहेर टाकते, याची खात्री नसेल तर लॅपटॉपचा पंखा जोरात चालू असताना त्याची मागची कड टेबलाबाहेर काढा आणि टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी जाळीखाली धरा. पट्टी चिकटली तर हवा आत जातेय. तिथेच स्टँडचा वारा हवा. पट्टी उडाली तर ती गरम हवा बाहेर पडण्याची वाट आहे, तिथे खालून वारा घातलात तर लॅपटॉपच्या पंख्याशी कुस्ती होईल.

आता फरक मोजा. हाताला गरम लागणं हे माप नव्हे. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर प्रोसेसरचं तापमान दाखवतं, आणि सेव्हन-झिप या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टूल्स या मेनूत ‘बेंचमार्क’ आहे, तो प्रोसेसरला पूर्ण जुंपतो. स्टँडचे पंखे बंद ठेवून १५ मिनिटं बेंचमार्क चालवा, ‘सीपीयू पॅकेज’चं तापमान आणि टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा वेग, दोन्ही लिहून ठेवा. मग १५ मिनिटं थंड होऊ द्या आणि पंखे लावून तेच पुन्हा करा. खोलीचं तापमान दोन्ही वेळा सारखं हवं. एक चाचणी सकाळी आणि एक दुपारी केलीत तर आकड्यांना अर्थ नाही.

आकडे वाचताना एक चकवा असतो. पंख्याशिवाय ९७ अंश आणि पंख्यासह ९६, म्हणजे पैसे वाया गेले असं वाटतं. पण वेग पाहा. प्रोसेसर ९५-१०० अंशांजवळ पोचला की जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो. थोडा थंडावा मिळाला की तो तापमान उतरू देण्याऐवजी वेग वाढवतो. तापमान तेच, पण वेग २.४ वरून २.७ गिगाहर्ट्झवर गेला असेल, तर स्टँड काम करतोय. साध्या स्टँडकडून चार-पाच अंशांपलीकडची अपेक्षा ठेवू नका.

राहिला नागपूरचा मे महिना. पंखा खोलीतलीच हवा फेकतो. खोली ३९ अंशांवर असेल तर त्याच्याकडे ३९ अंशांचीच हवा आहे. बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरायला सांगतात. तेव्हा दुपारी स्टँडपेक्षा विंडोजमधली एक ओळ जास्त उपयोगी: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, निवडलेल्या प्लॅनची ॲडव्हान्स्ड सेटिंग, त्यात ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० चं ९९ करा. एक टक्काच कमी केल्यासारखं दिसतं, पण त्याने प्रोसेसरची टर्बो धाव (नेहमीच्या वेगापलीकडे थोडा वेळ धावणं) बंद होते आणि तापमान झपकन उतरतं. टायपिंग, मेल, व्हिडिओ कॉल यांत फरक जाणवणार नाही. काही नव्या लॅपटॉपमध्ये ही ओळ दिसत नाही. तिथे कंपनीच्याच ॲपमध्ये शांत किंवा थंड चालण्याचा पर्याय असतो, तो निवडा.

प्रश्न : दिवसाचे सहा तास ऑनलाइन शिकवते. मान दुखते म्हणून पंख्यांचा, कोन बदलणारा स्टँड सर्वांत वरच्या खाचेत लावला. मान थोडी बरी आहे, पण आता मनगटं दुखतात. (पुणे)

दुखणं खाली उतरलं, गेलं नाही. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना शिवलेले असतात. पडदा मानेसाठी योग्य उंचीवर नेला की कीबोर्ड मनगटांसाठी उंच जातो, शिवाय तिरका होतो, आणि बोटं पोचवायला मनगट मागे मोडावं लागतं. यावर एकच इलाज: स्टँड उंच करायचा असेल तर वेगळा कीबोर्ड आणि वेगळा माऊस. सहा तासांच्या कामाला हा खर्च स्टँडच्याही आधीचा धरा.

आधी बसणं नीट करू. घरातलं जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं आणि खुर्ची ४५. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या व्यक्तीचं कोपर अशा खुर्चीवर बसल्यावर जमिनीपासून ६५-६७ सेंटिमीटरवर येतं. म्हणजे टेबल आठ-दहा सेंटिमीटर उंच पडतं, खांदे उचलले जातात. टेबलाचे पाय कापता येत नाहीत, म्हणून खुर्चीवर घट्ट गादी घ्या (मऊ उशी दबते, उपयोग नाही) आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट ठेवा. कोपर काटकोनात आणि हात कीबोर्डवर सपाट, इतकं जमलं की पुढचं माप घ्या.

ताठ पण सैल बसा आणि घरातल्या कुणाला तरी टेबलापासून तुमच्या डोळ्यांपर्यंतची उंची टेपने मोजायला सांगा. समजा ती ४६ सेंटिमीटर आली. लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवा आणि पडद्याची वरची कड मोजा; १५.६ इंचीत ती साधारण २२ येते. ४६ वजा २२, म्हणजे २४. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या किंचित खाली हवी, म्हणून आणखी तीन वजा करा. उत्तर २१: लॅपटॉपचा तळ सुमारे २१ सेंटिमीटर उचलायला हवा. आता तुमचा स्टँड मोजा. पाचराच्या आकाराचे पंख्यांचे स्टँड मागची बाजू कशीबशी आठ-दहा सेंटिमीटर उचलतात. म्हणूनच मान ‘थोडी’ बरी आहे.

तुम्हाला दोन सांध्यांचा, घडीचा ॲल्युमिनियम स्टँड लागेल. पंखे नसले तरी चालतील. लॅपटॉप वीतभर वर उचलला की तळाला चहूबाजूंनी मोकळी हवा मिळते आणि शिकवण्याच्या कामाला तेवढी पुरते. पडदा हातभर अंतरावर, ५० ते ७० सेंटिमीटर. कॅमेराही आपोआप डोळ्यांच्या रेषेत येईल आणि विद्यार्थ्यांना तुमच्या छताचा पंखा दिसायचा थांबेल.

चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर मात्र वरचं गणित बदलतं. जवळचं पाहायची काच खाली असते, त्यामुळे उंच पडद्याकडे हनुवटी वर करून पाहिलं जातं आणि मान नव्याने दुखू लागते. अशा वेळी पडदा हनुवटी न उचलता वाचता येईल इतका खाली आणा आणि मागे कलता ठेवा.

प्रश्न : मॅकबुक एअर आहे. पंख्यांचा स्टँड घ्यावा का? (ठाणे)

२०२० च्या एम-१ पासून मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही आणि तळाला हवेची जाळीही नाही. आत जायला वाटच नसल्यामुळे खालचा वारा फक्त पत्र्याला लागतो. तासन्‌तास व्हिडिओ एक्स्पोर्ट करत असाल तर किंचित मदत, एरवी नाही. साधा, उघडा स्टँड घ्या.

प्रश्न : स्टँडला मागे दोन यूएसबी जागा आहेत. तिथे हार्ड डिस्क लावली की पंखे चालू करताच ती ‘डिस्कनेक्ट’ होते. (डोंबिवली)

विजेची वाटणी पुरत नाही. लॅपटॉपच्या साध्या यूएसबी २.० जागेतून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, तर ३.० मधून ९०० मिलिअँपिअर मिळणं अपेक्षित असतं. स्टँडच्या मागच्या जागा नवी वीज निर्माण करत नाहीत, त्याच एका वायरीतून आलेली वाटतात. पंखे आणि दिवे मिळून समजा ५००-६०० मिलिअँपिअर घेत असतील तर डिस्कला उरतं काय? फिरत्या तबकडीची पोर्टेबल डिस्क सुरू होताना सर्वांत जास्त ओढते, नेमकी तेव्हाच बंद पडते. आणि हे फक्त गैरसोयीचं नाही: लिहिणं चालू असताना डिस्कची जोडणी तुटली तर फाइल खराब होते.

डिस्क थेट लॅपटॉपला लावा. स्टँडची वायर मोबाइलच्या ५ व्होल्ट, १ अँपिअर किंवा त्याहून मोठ्या चार्जरला लावा. त्याने लॅपटॉपच्या बॅटरीवरचा भारही जातो.

स्टँडची वायर एकदा नीट बघा. बऱ्याच स्टँडसोबत दोन्ही टोकांना सारखाच चपटा, मोठा प्लग असलेली वायर येते. ती स्टँड सोडून कुठेही वापरू नका. एक टोक चार्जरला आणि दुसरं लॅपटॉपला लागलं तर चार्जरची वीज लॅपटॉपच्या, वीज बाहेर देणाऱ्या यूएसबी जागेत उलटी घुसते आणि ती जागा, कधी मदरबोर्डही, जातो. घरात लहान मुलं असतील तर त्या वायरीला लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवा.

प्रश्न : ॲल्युमिनियमचा स्टँड आणल्यापासून हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर मंद पेटतो. शॉक बसण्याचा धोका आहे का? (सांगली)

चार्जरची पिन काढा आणि पुन्हा हात लावा. झिणझिण्या थांबल्या तर त्या चार्जरमधून येताहेत. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये विजेची खरखर गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून अगदी थोडी वीज बाहेरच्या बाजूला झिरपते. चांगल्या चार्जरमध्ये ती मिलिअँपिअरच्या पाव भागाच्या आत असते. त्वचेला जाणवते, अपाय करत नाही. यूएसबी वायरची बाहेरची जाळी लॅपटॉपच्या ग्राउंडला जोडलेली असते. ती स्टँडच्या पत्र्याला टेकली की पूर्वी कुठे न जाणवणारी वीज सगळ्या स्टँडवर येते. पावसाळ्यात, ओल्या फरशीवर अनवाणी असताना ती जास्त कळते. टेस्टरचा निऑन दिवा इतक्याशा विजेवरही पेटतो, त्यामुळे त्यावरून धोका किती ते ठरत नाही.

ही वीज जमिनीत जायची वाट म्हणजे अर्थिंग. तुमच्या चार्जरची पिन तीन काट्यांची आहे का? असेल तर ती दोन काट्यांच्या कन्व्हर्टरमधून लावलेली नाही ना? तिथेही सगळं ठीक असेल तर बोर्डातलं अर्थिंग तुटलेलं असू शकतं. जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे कधीकधी वायरच नसते. इलेक्ट्रिशियन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून बघतो. बल्ब लख्ख पेटला तर अर्थिंग आहे. घरात आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारी कळ) असेल तर बल्ब पेटण्याआधीच ती पडते, त्याचाही अर्थ अर्थिंग जोडलेलं आहे असाच. यातलं काहीच झालं नाही तर वायरिंग दुरुस्त करून घ्या. तो प्रश्न लॅपटॉपपुरता नाही, फ्रिज आणि गिझरचाही आहे. हा प्रयोग स्वतः करू नका.

झिणझिण्या नसून झटका असेल, किंवा चार्जर कंपनीचा नसून स्वस्तातला पर्यायी असेल, तर तो चार्जर आजच बाजूला काढा.

प्रश्न : वर्षभरातच पंखा घरघरू लागला. खोबरेल तेल सोडलं तर आठवडाभर शांत, मग पुन्हा तेच. (नाशिक)

आधी घरघर कशाची ते पाहा. चालू पंख्यावरची जाळी बोटाने दाबा. आवाज थांबला तर जाळी थरथरतेय, कडेला फोमची चिकटपट्टी लावली की झालं. मग पंखा बंद करून मध्याभोवती केस किंवा दोरा गुंडाळला गेलाय का आणि वायर पात्याला घासतेय का, तेही बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

तरीही आवाज असेल तर बेअरिंग सुकलंय. खोबरेल इथे चालत नाही: ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि नाशिकच्या थंडीत सकाळी पंखा त्या गोठलेल्या तेलात अडकून सुरूच होणार नाही. शिलाई मशीनचं तेल आणा. स्टँडचे तळाचे स्क्रू काढा, पंख्याच्या मध्यावरचं गोल स्टिकर नखाने अर्धं उचला, खाली रबरी बूच असेल तर तेही काढा, आणि सुईच्या टोकाने एक, फार तर दोन थेंब सोडा. पातं बोटाने पंधरा-वीस वेळा फिरवा, बाहेर आलेलं तेल पुसून घ्या आणि स्टिकर लावा. तेलकट जागेवर स्टिकर चिकटत नाही, म्हणून आधी कोरड्या कापडाने कडा पुसा. गंज सोडवायचा स्प्रे वापरू नका. तो उरलंसुरलं वंगणही धुऊन नेतो.

पंखाच बदलायचा ठरला तर चौकटीची बाजू आणि जाडी मोजा, आणि पंख्यावरचे व्होल्ट वाचा. दुकानात सर्रास मिळणारे कॉम्प्युटरचे पंखे १२ व्होल्टचे असतात. यूएसबीच्या ५ व्होल्टवर ते रेंगाळतात किंवा हलतच नाहीत. ‘डीसी ५ व्ही’ असं छापलेलाच घ्या.

प्रश्न : मुलगी गादीवर बसून अभ्यास करते. पलंगावरचं, घडीच्या पायांचं, पंखेवालं टेबल कितपत बरं? (कोल्हापूर)

गादीवर थेट ठेवण्यापेक्षा नक्कीच बरं. गादी आणि रजई तळाची जाळी पूर्ण झाकतात, शिवाय कापसाची तूस आत ओढली जाते. या टेबलांचा दोष सांध्यांत असतो. प्रत्येक पायाला दोन-तीन सांधे, प्रत्येकाला बटण. बटण अर्धवट बसलं की टेबल सरळ दिसतं आणि पाण्याचा ग्लास ठेवायला हात टेकवला की कोसळतं. लॅपटॉप ठेवण्याआधी प्रत्येक सांधा ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत फिरवा आणि रिकाम्या टेबलावर तळहाताने दाबून बघा. पाय मऊ गादीत कमी-जास्त रुततात, म्हणून खाली प्लायवूडचा तुकडा टाका. दोन-तीन तासांच्या अभ्यासाला मात्र जमिनीवर मांडी घालून आणि हेच टेबल पुढ्यात घेऊन बसणं पलंगापेक्षा चांगलं. पाठीला भिंत हवी.

प्रश्न : घडीच्या स्टँडचा सांधा सैल झालाय, लॅपटॉप हळूहळू खाली बसतो. (छत्रपती संभाजीनगर)

सांध्याच्या दोन्ही बाजूंना षट्कोनी खाच असलेले स्क्रू असतात. ॲलन कीने दोन्ही बाजूंना सारखेच, एका वेळी पाव फेरी आवळा आणि लॅपटॉप ठेवून बघा. जास्त आवळलंत तर आतली प्लास्टिकची चकती चिरडते आणि मग सांधा कशानेच धरत नाही. जमलं की स्क्रूच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका द्या, तो लवकर ढिला होणार नाही. स्टँडवर किती किलो चालतात ते छापलेलं असतं. गेमिंगचे लॅपटॉप अडीच किलोंच्या सहज पुढे जातात.

प्रश्न : कूलरसमोर लॅपटॉप ठेवला तर चालेल? (अकोला)

सरळ झोतात नको. दमट हवेपेक्षा धोका शिंतोड्यांचा: टाकी काठोकाठ भरली किंवा ताटीवर पाणी जास्त आलं की वाऱ्याबरोबर बारीक थेंब येतात, आणि स्टँडचा पंखा तेच खालून आत ढकलतो. सहा-आठ फूट लांब आणि झोताच्या बाजूला बसा. एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर कूलर खोली थंड करायचंच बंद करतो. काम करताना लॅपटॉपखाली पांढरट पूड दिसली तर ते पाण्यातले क्षार आहेत, म्हणजे थेंब तिथवर पोचताहेत.

प्रश्न : लॅपटॉप बंद केला तरी स्टँडचे पंखे रात्रभर फिरतात. बिघाड आहे का? (रत्नागिरी)

नाही. मोबाइल चार्ज करता यावा म्हणून काही लॅपटॉपची एक यूएसबी जागा बंद असतानाही वीज देते. तिच्याशेजारी बहुधा विजेचं किंवा बॅटरीचं चिन्ह असतं. वायर दुसऱ्या जागेत लावा. बंद लॅपटॉपला वाऱ्याची गरज नाही, पंधरा-वीस मिनिटांत तो आपोआप निवतो.